सौमित्रची शिकार

पेटी बुधवारी दुपारी आली आणि रविवार उजाडला तरी दाराबाहेरच होती. रत्नाबाईंनी तिला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

नवव्या मजल्यावरच्या त्या कॉरिडॉरमध्ये एका बाजूला त्यांची तुळशीची कुंडी, दुसऱ्या बाजूला शेजारच्या लिमबाईंचं चपलांचं कपाट आणि मधे ही कोऱ्या फळ्यांची पेटी, कमरेएवढी उंच. फळ्यांवर काळ्या रंगात विश्वास धुरींचं नाव, सिंगापूरमधल्या वुडलँड्सचा पत्ता आणि खाली 'लुसाका, झांबिया'. लिमबाई पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "नवा फ्रिज?" रत्नाबाईंनी नुसती मान हलवली. शुक्रवारी टाउन कौन्सिलचा कागद पेटीवर चिकटवलेला दिसला. येण्याजाण्याची वाट मोकळी ठेवावी, सोमवारपर्यंत सामान हलवावं.

सकाळी तुळशीला पाणी घालताना रत्नाबाई पेटीकडे पाठ करून उभ्या राहत. आत काय आहे ते त्यांना ठाऊक होतं. गेल्या मे महिन्यात त्यांचा सौमित्र झांबियाच्या रानात गेला, तिथे त्याने रीतसर परवाना काढून कुडू जातीचं एक मोठं हरीण मारलं आणि हसत घरी आला. मोबाइलवरचा फोटो त्याने आईच्या नाकासमोर धरला होता. सांबराहून उंच, राखाडी अंगावर पांढरे पट्टे, स्क्रूसारखी पिळाची शिंगं. "आई, बघ तरी!" तो म्हणाला होता. त्यानंतर तीन आठवड्यांत मलेरिया डोक्यात चढून तो गेला. पंचेचाळिसाव्या वर्षी. पेंढा भरणाऱ्या कारखान्यात काम मात्र चालूच राहिलं असणार. कातडं कमावलं गेलं, डोळे बसवले गेले, कागदपत्रं झाली. ज्याने मारलं तो दहा महिन्यांपूर्वी गेला, आणि ज्याला मारलं ते आता घरी आलं होतं. वर्षश्राद्ध दीड महिन्यावर होतं.

"योगिनी," त्या आपल्या मुलीला म्हणाल्या, "त्यांना सांग, आजच्या आज काय तो निकाल लावा. उद्यापर्यंत मुदत आहे."

विश्वासराव चार फुटांवर खुर्चीत बसले होते. योगिनी क्लेमेंटीहून सकाळीच आली होती. ती तिथल्या विद्यापीठात वनस्पतींवर संशोधन करायची. वडिलांकडे बघून तिने काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

"मी एका माणसाला बोलावलंय," विश्वासराव म्हणाले. "मिस्टर टिओ. मासे, पक्षी भरून देतात. ते बघून सांगतील कसं टिकवायचं ते."

"टिकवायचं?" रत्नाबाई योगिनीलाच म्हणाल्या. "विचार त्यांना, कशासाठी टिकवायचं?"

---

टिओ अकरा वाजता आले. सत्तरीचे, किडकिडीत, हातात हत्यारांची छोटी पेटी. तोवर पासिर रिसहून सौमित्रची बायको चैत्राली आणि मुलगी ईशाही पोचल्या होत्या. चैत्रालीने सासूला वाकून नमस्कार केला, रत्नाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभी राहिली. वर्षभरात ती तशीच उभी राहायला शिकली होती, बसा म्हटल्याशिवाय न बसणाऱ्या पाहुण्यासारखी.

पेटी कॉरिडॉरमध्येच उघडायची ठरली. विश्वासरावांनी एकेक खिळा स्वतः काढला. चाळीस वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेले त्यांचे हात अजून अवजाराला सरावलेले होते, पण आज पक्कड दोनदा निसटली. भुसा, फोमचे तुकडे, आणि मग ते मुंडकं. मान आणि खांद्यापर्यंतचा भाग. शिंगं काढून वेगळी गुंडाळली होती, त्यामुळे ते डोकं बोडकं आणि केविलवाणं दिसत होतं, एखाद्या मोठ्या कानांच्या गाढवासारखं.

"सो सॅड लाह," ईशा इथल्या मुलांच्या इंग्रजीत पुटपुटली. ती चौदा वर्षांची होती. येताना ट्रेनमध्ये तिने आईला बजावलं होतं की मी बघणारसुद्धा नाही. आता ती सगळ्यांत पुढे होती.

टिओंनी चष्मा लावला. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्या, कानांची मुळं बोटाने दाबून पाहिली. "काम चांगलं आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पण ही वस्तू कोरड्या हवेतली आहे. इथे तिचे तीन शत्रू. दमट हवा, ऊन आणि किडे. कुठे लावणार?"

विश्वासरावांनी खिशातून कागद काढला. तो पेटीच्या झाकणाला आतून लावलेल्या पाकिटात नुकताच मिळाला होता. कारखान्याचा फॉर्म, शिकारीच्या दुसऱ्या दिवशी सौमित्रने भरलेला. कुठे टांगणार, या रकान्यात त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं : वडिलांच्या घरी, हॉलमध्ये, दार उघडल्यावर समोर. डोकं कोणत्या बाजूला वळलेलं हवं, याच्यापुढे : डावीकडे. आणि कंसात : तिथे बाबांची खुर्ची असते.

योगिनीने तो मोठ्याने वाचला, शेवटची ओळ दोनदा. ते नुसतं बाबांच्या पत्त्यावर पाठवलेलं नव्हतं, बाबांसाठीच होतं, हे चैत्रालीलाही आत्ताच कळलं. तिने ईशाच्या खांद्यावर हात ठेवला.

टिओ हॉलमध्ये आले. पश्चिमेची खिडकी पाहिली, मग स्वयंपाकघराचं दार, मग देव्हारा आणि त्यातली उदबत्ती. "इथे नाही," ते म्हणाले. "दुपारचं ऊन, फोडणीची वाफ, धूर. दोन वर्षांत डोळ्यांपाशी कातडं फाटेल, बुरशी धरेल. बंद खोली हवी. एअरकॉन किंवा ओल शोषणारं यंत्र, रोज. झोत अंगावर नको. महिन्यातून एकदा मऊ ब्रश, केसांच्या दिशेने. मग पंचवीस वर्षं काही होणार नाही."

"आणि तेवढं जमलं नाही तर?" योगिनीने विचारलं.

"मग कातडं काढून टाकतो मी. आतला फोम फेकायचा. फक्त शिंगं लाकडी फळीवर लावून देतो. ती कुठेही टिकतील. धूळ पुसली की झालं."

"हेच बरं," योगिनी लगेच म्हणाली. "बाबा, खरंच. शिंगं ठेवू. आईलाही चालेल. नाहीतर आमच्या विद्यापीठात प्राण्यांचा संग्रह आहे, मी विचारू शकते. मुलांना शिकायला होईल."

"आत्या, नो!" ईशा म्हणाली. "मग फेस जाणार त्याचा. पप्पांनी फेस बघून चूझ केला असणार ना?"

"ईशा, तुला यातलं काही..."

"तिला बोलू द्या, ताई," चैत्राली दारातून म्हणाली. ती इतक्या हळू बोलली की योगिनीला वळून बघावं लागलं. सौमित्र गेल्यापासून नणंद-भावजयीत एक गार सौजन्य होतं. योगिनीला वाटायचं, हिने भावाला त्या सफरीवर जाऊच कसं दिलं. ती हे कधी बोलली नव्हती, आणि चैत्रालीला ते पहिल्या दिवसापासून कळलेलं होतं.

टिओंनी चहा घेतला नाही. निर्णय झाला की फोन करा, म्हणाले. जाताना त्यांनी वाकून मुंडक्याच्या आयाळीत अडकलेला भुसा काढला आणि विश्वासरावांना विचारलं, "शिकार तुम्ही केली?"

"मुलाने."

"नेम चांगला आहे त्याचा. तोंडाला कुठेच जखम नाही." आणि ते लिफ्टकडे निघून गेले.

---

विश्वासरावांना वाटलं होतं, टिओंनी नुसती जागा दाखवायची आणि आपण भोक पाडायचं. आज रविवार, म्हणजे भिंतीत ड्रिल चालवायची मनाई, पण उद्या सकाळी नऊ वाजता आपण तयार असू. त्यांनी बोल्ट आणून ठेवले होते. खुर्चीत बसल्यावर नजर कुठे जाते ते पाहून भिंतीवर पेन्सिलची खूणही केली होती.

त्यांचे वडील, दीनानाथ, आंबोलीच्या रानात हाकारी होते. पाहुणे मचाणावर बसत, आणि दीनानाथ वीसपंचवीस माणसं घेऊन डबे वाजवत जनावर त्यांच्यासमोर आणून सोडत. पाऊलखूण त्यांची, जिवाची जोखीम त्यांची, बंदूक दुसऱ्याची. विश्वास आठ वर्षांचा असताना वडील त्याला एका बंगल्यावर मध पोचवायला घेऊन गेले होते. व्हरांड्यात गव्याचं डोकं टांगलेलं होतं. वडिलांनी बोट दाखवलं. "विश्वासा, हो गवो माझो." तेवढ्यात आतून नोकर आला आणि म्हणाला, मध ठेव आणि पायरीच्या खाली उभा राहा.

ही गोष्ट त्यांनी सौमित्रला किती वेळा सांगितली असेल? बोटीवरून सुटीला आले की पोरगं मांडीवर चढून तीच मागायचं. कॉलेजात गेल्यावरही मागायचं. मोठा होऊन बंदरात जहाजांची तपासणी करणारा सर्व्हेअर झाला, आणि ऑफिसातल्या कुणी झांबियाच्या सफरीचं काढलं तेव्हा त्याने फोन करून एवढंच विचारलं होतं, "बाबा, आपल्या घरात एक डोकं लागलं तर?"

ते "काहीतरीच काय" म्हणाले होते. पण ते हसले होते, आणि ते त्याने ऐकलं होतं.

"विचार त्यांना," रत्नाबाई योगिनीला म्हणाल्या, "आता तरी समजलं का? कागदावर लिहूनच पाठवलंय त्याने. बाबांची खुर्ची. माझा मुलगा यांच्या बापाचा पाणउतारा भरून काढायला गेला. यांच्या गोष्टींनी मारलं त्याला. आणि आता हे त्याच्याकडे बघत चहा पिणार."

"आई," योगिनी म्हणाली, "किती वेळा तेच..."

"रोज म्हणेन. मी मरेपर्यंत म्हणेन."

विश्वासराव उठले. भिंतीपाशी गेले आणि बोटाला थुंकी लावून पेन्सिलची खूण पुसायला लागले. ती पुसली जाईना, नुसती पसरली.

"ती बरोबर बोलते," ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मीच पाठवला त्याला. योगिनी, टिओंना फोन कर. घेऊन जा म्हणावं. कातडंही नको आणि शिंगंही नकोत. जाळा, पुरा, काय ते करा. मला नको आहे."

"आजोबा!" ईशाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, असं घाईने..."

"कर म्हणतो ना फोन!"

योगिनीने मोबाइल हातात घेतला.

"ताई, थांबा," चैत्राली म्हणाली.

---

ती स्वयंपाकघराच्या दारातून पुढे आली होती. दहा महिने हे वाक्य तिच्या घशाशी होतं. बाथरूममध्ये नळ सोडून ती ते मोठ्याने बोलून पाहत असे. सासूबाई दर रविवारी सासऱ्यांना तसं ऐकवत, आणि ती समोर बसून भाजी निवडत असे. प्रत्येक वेळी ती ठरवायची, आज सांगायचं. आणि प्रत्येक वेळी कुकरची शिटी व्हायची, ईशा काहीतरी मागायची, रविवार संपायचा.

"त्याला बाबांनी नाही मारलं," ती म्हणाली. "मलेरियाच्या गोळ्या होत्या. इथे परत आल्यावरही अठ्ठावीस दिवस घ्यायच्या होत्या. त्याच्या पोटात आग पडायची त्यांनी. जेवायचा नाही. नवव्या दिवशी सकाळी ओकला, आणि मी म्हटलं, सोड त्या आता. घरी आलास, सिंगापूरमध्ये कुठला आलाय मलेरिया. मी म्हटलं. तो नको म्हणत होता. डॉक्टरांनी पूर्ण करायला सांगितल्यात म्हणत होता. मी ते पाकीट उचलून कपाटात वर ठेवलं."

योगिनीने मोबाइल खाली ठेवला.

"किती राहिल्या होत्या?" रत्नाबाईंनी विचारलं.

"एकोणीस."

"मग?"

"मग पाच दिवसांनी ताप आला. त्याला वाटलं फ्लू. मलाही. सगळ्या ऑफिसात होता. तीन दिवस घरीच पडून होता, मी पेज देत होते. चौथ्या दिवशी पहाटे ईशाला त्याने ओळखलं नाही. तेव्हा मला पाकीट आठवलं. हॉस्पिटलमध्ये मी पहिल्यांदा तेच सांगितलं. पण उशीर झाला होता."

ईशा आईकडे बघत राहिली. तिला ताप आठवत होता, पेज आठवत होती. पाकिटाचं तिला माहीत नव्हतं.

विश्वासरावांना जे पहिल्यांदा वाटलं ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. त्यांना हलकं वाटलं. छातीवरचं मणभर ओझं कुणीतरी उचलावं तसं, एका श्वासापुरतं. आणि त्या सुटकेची त्यांना इतकी शरम वाटली की ते संतापले.

"तू ऐकत होतीस," ते सुनेला म्हणाले. आजवर या घरात त्यांनीच तिची बाजू घेतली होती. "दहा महिने. ही मला बोलत होती, आणि तू तिथे बसून ऐकत होतीस. मला झोप नव्हती, चैत्राली. त्याचा फोन आठवून मी स्वतःला... आणि तुला माहीत होतं!"

"हो, बाबा."

"हो काय म्हणतेस?"

"काय म्हणू? माहीत होतं. भीती वाटायची. ईशाला तुमच्याशिवाय कोण आहे इथे?"

"बाबा, बस करा," योगिनी म्हणाली. आश्चर्य तिचं तिलाच वाटलं. ती उठून चैत्रालीच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती. "तिला हाकलून सौमित्र येणार आहे का? मीही मनात तिलाच दोषी धरलं होतं, काहीच माहीत नसताना. आता माहीत झालं, तर धरवत नाही."

विश्वासराव खुर्चीत बसले. सगळे रत्नाबाईंकडे बघत होते. त्या काय बोलतील, या धास्तीने ईशाने आईचा हात घट्ट धरला होता.

रत्नाबाई पदराने तोंड पुसून उठल्या, उघड्या दारातून कॉरिडॉरमध्ये गेल्या आणि त्या मुंडक्यासमोर उभ्या राहिल्या. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. काचेचे डोळे काळेभोर होते. पापण्यांना खरे केस होते. मानेच्या पुढच्या बाजूला लांब झुबकेदार आयाळ होती.

"कुठे लागली याला गोळी?" त्यांनी विचारलं.

दहा महिन्यांत त्या पहिल्यांदाच नवऱ्याशी थेट बोलत होत्या. विश्वासरावांना ते कळायला एक क्षण लागला. मग ते उठून बाहेर आले.

"खांद्याच्या मागे. काळजाजवळ. ते यात नाहीये. इथपर्यंतच ठेवतात, खांद्यापर्यंत."

"म्हणजे लागलेलं तेवढं टाकून देतात."

"हो."

रत्नाबाईंनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मग परत पुढे करून कानाच्या मुळाशी ठेवला. "माझ्या पोराने पसंत केलेली ही शेवटची वस्तू आहे," त्या म्हणाल्या. "ती मोडायची नाही. हॉलमध्ये टिकणार नाही म्हणाला ना तो माणूस? मग त्याच्या खोलीत लावा. तिथे एअरकॉन आहे."

"ती खोली तू..."

"बंद ठेवली होती. उघडा." आणि आत वळताना त्या थांबल्या. "तुम्हाला फार बोलले. ते काही आता परत घेता येत नाही."

विश्वासरावांनी पेटीची फळी बाजूला ओढून तिला वाट करून दिली.

---

सौमित्र लग्नाआधी ज्या खोलीत राहायचा ती खोली तो गेल्यापासून कुणी वापरली नव्हती. दार उघडल्यावर कोंदट, ओलसर वास आला. पलंगावर चादर तशीच होती, भिंतीवर शाळेतल्या पोहण्याच्या शर्यतीची पदकं, खिडकीत हिरवट बुरशी. योगिनीने फडकं घेतलं आणि न बोलता खिडकीची चौकट पुसायला लागली. चैत्राली बादली घेऊन आली. एकीने पुसायचं, दुसरीने पिळायचं, असं दोघींचं आपोआप जमलं.

मुंडकं आत आणायला तिघं लागली. आज ड्रिल चालवता येणार नव्हतं, म्हणून ते रात्रीपुरतं पलंगावर टेकवून ठेवायचं ठरलं. खाली कोरी चादर घातली. मग विश्वासरावांनी शिंगं सोडवली. प्रत्येक शिंग ईशाच्या छातीएवढं लांब होतं, आतून पोकळ, आणि डोक्यावरच्या हाडाच्या खुंट्यांवर पिळत बसवायचं. डावं बसलं. उजवं बसेना. त्यांनी दोनदा प्रयत्न केला. मग मान वर न करता ते शिंग चैत्रालीपुढे धरलं.

"तू बसव."

तिने घेतलं. जड होतं. ते फिरवत फिरवत तिने खाली दाबलं, आणि ते एकदम घट्ट बसलं.

"ओहो," ईशा म्हणाली. कारण आता ते केविलवाणं राहिलं नव्हतं. मान डावीकडे वळवून, कुणाची तरी चाहूल घेत असल्यासारखं ते जनावर खोलीत उभं होतं, आणि पप्पांनी फोटो का एवढा सगळ्यांना दाखवला ते तिला कळलं.

"छान दिसतंय," विश्वासराव म्हणाले. मग, राग अजून पुरता गेला नसतानाही, सवयीने घडी बसवू पाहत, "महिन्यातून एकदा ब्रश फिरवायचं काम ईशाचं. शेवटच्या रविवारी. तुझे हात हलके आहेत."

"बट आजोबा, जूननंतर मी इथे नसणार," ईशा बोलून गेली. "वी आर मूव्हिंग टू पुणे लाह." आणि आईचा चेहरा बघून तिने जीभ चावली.

विश्वासरावांनी सुनेकडे पाहिलं.

"वर्षश्राद्ध झालं की सांगणार होते," चैत्राली म्हणाली. "पुण्यात नोकरी मिळाली आहे. बाबा, मी इथे दर रविवारी येऊन तुमच्या दोघांसमोर बसू शकत नव्हते. ते काही धाडस नाही, मला माहीत आहे. पळूनच चालले होते."

"आणि आता सांगितल्यावर?" योगिनीने विचारलं. "आता तरी राहशील?"

चैत्रालीने मान हलवली. "आता तर जायलाच हवं, ताई. सारखं समोर राहून यांना मला माफ करायला लावायचं, ते बरं नाही."

विश्वासरावांनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि खोलीबाहेर गेले. थोड्या वेळाने कॉरिडॉरमधून पेटीच्या फळ्या मोडल्याचा आवाज यायला लागला. योगिनी आणि ईशा त्यांना मदत करायला गेल्या.

रत्नाबाई आत आल्या. त्यांच्या हातात एअरकॉनचा रिमोट होता.

"किती ठेवायचा?"

"चोवीस चालेल, आई. झोत त्याच्यावर नको."

त्यांनी बटण दाबलं. यंत्र खरखरलं, मग गार हवा यायला लागली. चैत्राली निघायला वळली. रत्नाबाई पलंगाच्या कडेला बसल्या, कुडूच्या मानेखाली चादरीला पडलेली सुरकुती हाताने सरळ करत.

"ओकला त्या दिवशी," त्यांनी विचारलं, "नंतर काही खाल्लं का त्याने?"

चैत्राली थांबली. "हो. गोळी नाही घ्यायची म्हटल्यावर त्याला बरं वाटलं. दुपारी दोन वाट्या वरणभात खाल्ला. लिंबू पिळून. म्हणाला, किती दिवसांनी चव लागतेय."

रत्नाबाईंच्या तोंडून पहिला हुंदका बाहेर पडला. मुलगा गेला त्या दिवशी, दहाव्याला, तेराव्याला, कधीच त्या अशा रडल्या नव्हत्या. दोन्ही हात तोंडावर दाबून त्या वाकल्या आणि सगळं अंग हलायला लागलं. चैत्राली पुढे झाली, पण त्यांनी एक हात वर करून तिला अडवलं. ती तिथेच उभी राहिली. खोली हळूहळू गार होत होती.

बऱ्याच वेळाने रत्नाबाईंनी डोळे पुसले.

"मी तुला काही म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "पण माफ केलं असंही म्हणवत नाही. खोटं कशाला बोलू?"

"नका बोलू."

"पुण्याला गेलीस की इथे येशील पुन्हा?"

"तुम्ही बोलावलंत तर येईन, आई."

"मी बोलावणार नाही," रत्नाबाई म्हणाल्या. "माझ्याच्याने ते व्हायचं नाही. वाट बघू नकोस बोलावण्याची. तू आपली येत जा."

चैत्रालीने मान हलवली. बाहेर ईशाने हाक मारली, तेव्हा गारवा बाहेर जाऊ नये म्हणून तिने खोलीचं दार मागे ओढून घेतलं. रत्नाबाई आतच बसून राहिल्या.